उभ्या गाडीचं भाडं: मुलुंड ते गुहागर, कॅम्पर व्हॅनने

निघायचं ठरलं होतं पहाटे साडेचारला, प्रत्यक्षात निघालो पावणेसहाला. मधला सव्वा तास गाडीला उठवण्यात गेला. आमची कॅम्पर व्हॅन सोसायटीत राहत नाही, ती चेकनाक्याजवळ एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या प्लॉटवर राहते. दीड महिना कुणी हात न लावल्यामुळे इंजिनाची बॅटरी उतरलेली, मागच्या डाव्या चाकात हवा नाही, आणि ड्रायव्हरच्या सीटखाली उंदराच्या लेंड्या. शेजारच्या ट्रकवाल्याने झोपेतून उठून जंपर लावून दिला. वर म्हणाला, "साहेब, गाडी उभी ठेवायची नसते हो."

गेली तीन वर्षं आम्हाला हेच कळतंय, पण त्याच्याइतक्या कमी शब्दांत नाही.

गाडी मी आणि माझ्या साडूने मिळून मार्च २०२२ मध्ये घेतली. २०१७ ची, सेकंडहँड, तेरा सीटच्या टेम्पोची केलेली व्हॅन, साडेसोळा लाखांना. आत दोन बेड, ओटा, सिंक, छोटा फ्रिज, छपरावर दोन सोलर पॅनल आणि दाराशेजारी खुराड्याएवढा संडास. हॉटेलं महाग झालीत, आता जिथे मन लागेल तिथे मुक्काम करायचा, असा बेत होता. भागीदारीचा एक तोटा तेव्हा लक्षात आला नाही: दोघांच्याही मुलांना सुट्ट्या एकाच वेळी असतात.

या वेळी मात्र मुलांना मागे ठेवून आम्ही चौघंच निघालो, २०२४ च्या डिसेंबरात, दत्तजयंतीच्या आठवड्यात. बुधवार ते रविवार. मुलुंड, ऐरोली, पळस्पे, पेण, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर. तिथून बागमांडल्याची फेरी, केळशी, दापोली, दाभोळची फेरी आणि गुहागर. परत येताना चिपळूणवरून महामार्ग. सगळं मिळून सहाशेच्या आसपास किलोमीटर. गाडी लिटरला नऊ देते, डिझेल नव्वदच्या आसपास, म्हणजे सहा हजारांचं इंधन. आम्ही नेमका एवढाच हिशोब करून गाडी घेतली होती.

पहिला मुक्काम हरिहरेश्वरला. कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण महाराष्ट्राने २०२१ मध्ये आणलं, पण आम्ही गेलो त्या वाटेवर गाडी लावून वीज-पाणी जोडता येईल अशी खास जागा आम्हाला एकही सापडली नाही. त्यामुळे आमची पद्धत साधी आहे. ज्यांच्याकडे घरगुती राहण्याची सोय आहे, त्यांच्या अंगणात गाडी लावायची परवानगी मागायची. संडास-बाथरूम, एक प्लग आणि पाणी यांचे पैसे आधीच ठरवायचे, आणि दोन वेळचं जेवण त्यांच्याकडेच घ्यायचं. फक्त जागा मागितली तर लोक बिचकतात, जेवण सांगितलं की गाडीसाठी केळीची रोपंसुद्धा बाजूला करतात. आम्हाला रात्रीचे पाचशे ते आठशे पडले. त्या दिवशी एकादशी होती, त्यामुळे बायकांनी गाडीतच साबुदाण्याची खिचडी केली आणि यजमानीणबाईंनी ओले काजू आणून दिले नाहीत याची साडूने उगाच खंत केली. डिसेंबरात ओले काजू कुठून येणार!

विजेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण यात जिवाशी खेळ आहे. जुन्या घरांत अर्थिंग असेलच असं नाही. मागच्या वर्षी एका ठिकाणी प्लग जोडल्यावर गाडीच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत होत्या. तेव्हापासून प्लग जोडण्याआधी अर्थिंग दाखवणारा टेस्टर लावतो, आणि गाडीत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतला आहे. एक्स्टेन्शनची वायर २.५ चौरस मिलिमीटरची, १५ अँपिअरच्या पिनसकट स्वतःची न्या. घरातली टीव्हीची एक्स्टेन्शन एसीला लावलीत तर ती वितळते. बॅटरीवर एसी चालतो असं विकणारा सांगतो, ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे भरलेली असताना सुमारे २.४ युनिट. एक टनी एसी तासाला एक युनिटच्या वरच खातो. म्हणजे जेमतेम दोन तास. पंखा मात्र रात्रभर चालतो, आणि कोकणात डिसेंबरात तो पुरतो. मे महिन्यात व्हॅनमध्ये झोपायचा विचारही करू नका.

गुरुवारी बागमांडल्याला फसलो. ही गाडी मागच्या चाकांच्याही मागे खूप लांब आहे. फेरीबोटीचा रॅम्प ओहोटीला तीव्र उताराचा होतो आणि पुढची चाकं बोटीत चढली की मागचा बंपर जेट्टीला घासतो. कोळ्यांचा जुना हिशोब मला माहीत होता, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. द्वादशी, बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नऊला भरती आणि तीनला ओहोटी. माहीत असून आम्ही पोचलो अडीचला, कारण हरिहरेश्वरला जेवण उशिरा झालं. बोटीवरच्या पोरांनी चाकांखाली फळ्या टाकल्या, तरी मागचा सांडपाण्याचा पाइप तुटलाच. शनिवारी दाभोळला शहाणपण आलं. चतुर्दशी, भरती साडेदहाला, आम्ही दहाला जेट्टीवर. गाडी दिवाणखान्यात शिरावी तशी बोटीत शिरली. लांब गाडी असेल तर तिकिटाच्या आधी तिथी बघा.

फेरीच्या पलीकडच्या वेशवीहून केळशीपर्यंतचा रस्ता चांगला, पण गावात शिरलो आणि गल्ली सुरू झाली. दोन्हीकडे चिऱ्याची गडगी, वर माडाच्या झावळ्या. गाडीची उंची पावणेतीन मीटरच्या वर, त्यात पॅनल. साडू खाली उतरून काठीने झावळ्या वर धरत पुढे चालला होता, वरातीत छत्री धरतात तसा. समोरून एसटी आली तेव्हा मला दीडशे मीटर मागे यावं लागलं आणि अख्ख्या आळीने मार्गदर्शन केलं. अशा गावात आधी कुणाला तरी चालत पाठवा, मग गाडी घाला. आणि मुक्काम कितीही सुंदर सावलीत असो, नारळाच्या झाडाखाली गाडी लावू नका. आमच्या पहिल्या ट्रिपमध्ये एका सुक्या झावळीने पॅनलला तडा दिला होता. झावळी होती म्हणून अकरा हजारांत भागलं, नारळ असता तर छप्पर गेलं असतं.

केळशीला रात्री नळ उघडला तर पाणी येईना. टाकी भरलेली, पंप मुका. हा पंप आतलं काम करणाऱ्याने बाहेरून मागवून बसवला होता आणि तसाच नवा मुंबईत मिळायलाही पंधरा दिवस लागतात. आम्ही भांडी तांब्याने पाणी घेऊन धुतली. सकाळी यजमानांनी पंप हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "अहो, हा तर आमच्या फवारणीच्या पंपासारखाच आहे." आंब्यावर औषध मारायच्या बॅटरीच्या पंपातही बारा व्होल्टचीच मोटर असते. शुक्रवारी दापोलीत शेतीच्या दुकानात साडेसहाशेला मिळाली. पाइपचं तोंड जुळेना, ते सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि दोन क्लिपा लावून जुळवलं. अजून तोच पंप चालू आहे, फक्त आवाज ट्रॅक्टरसारखा येतो.

नवी गाडी बनवून घेणाऱ्यांनो, यातून एवढं घ्या की आतली प्रत्येक वस्तू तालुक्याच्या गावात मिळेल अशी बसवा. साधा नळ, साधा पंखा, हार्डवेअरच्या दुकानातल्या बिजागऱ्या. चकचकीत परदेशी खिडक्यांचं रबर फाटलं की दोन महिने प्लास्टिक चिकटवून फिरावं लागतं.

आता संडास. त्याबद्दल फोटो टाकणारे कुणीच बोलत नाहीत. आमच्याकडे वीस लिटरच्या डब्याचा आहे, खालून काढता येणारा. चौघांत तो दोन दिवसांत भरतो. भरल्यावर रिकामा कुठे करायचा? पेट्रोल पंपावर नको म्हणतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. कोकणातल्या घरांना शोषखड्डा असतो आणि डब्यात टाकायचं निळं औषध त्यातल्या जिवाणूंना मारक ठरतं, म्हणून यजमानांना विचारायलाही लाज वाटते. शेवटी बायकोने नियम केला: गाडीतला संडास फक्त रात्री, फक्त लघवीसाठी, आणि औषध अजिबात नाही. बाकी सगळं यजमानांकडे. म्हणजे ज्या सोयीसाठी गाडीत तीन फूट जागा आणि चाळीस हजार गेले, तिचा वापर एवढाच. रविवारी आम्ही मुलुंडला पोचलो तेव्हा डबा तीन चतुर्थांश भरलेला होता.

गुहागरचं वेगळं सांगायला नको. व्याडेश्वराचं दर्शन, संध्याकाळी किनाऱ्यावर चौघंजण चहाचा थर्मास घेऊन, आणि गाडीचं मागचं दार उघडून चांदण्यात झोप. अशा एका रात्रीसाठी माणूस बाकीचं सगळं विसरतो, आणि बहुधा म्हणूनच अशा गाड्या विकल्या जातात. वाळूत गाडी घालू नका, एवढंच. आमच्या डोळ्यांदेखत एका जीपला ट्रॅक्टरने ओढून काढलं, तेही पाणी दाराला लागल्यावर.

येताना कशेडीचा बोगदा झाल्यामुळे घाट वाचला, पण रविवारी संध्याकाळी माणगावात दीड तास गेला. शक्य असेल तर सोमवारी सकाळी निघा.

पैशांचं आता एकदाच सांगून टाकतो. बायकोकडे वही आहे. प्लॉटचं भाडं महिना साडेतीन हजार, वर्षाचे ४२,०००. सोसायटीत लावली असती, पण पोडियमच्या कमानीखालून ती जात नाही, आणि कमिटीच्या मते ती बस आहे. विमा २७,०००, त्यात आतलं फर्निचर, पॅनल, बॅटऱ्या वेगळ्या नोंदवून घ्याव्या लागतात, नाहीतर नुकसान झाल्यावर कंपनी फक्त टेम्पो धरते. सर्व्हिसिंग, टायर, किरकोळ मिळून ३०,०००. म्हणजे गाडी जागची हलली नाही तरी वर्षाला एक लाखाला हजार कमी. २०२३ च्या पावसाळ्यात छपराच्या खिडकीचं सिलिकॉन तडकलं, आम्ही वरून घट्ट ताडपत्री बांधली होती, त्यामुळे आत गेलेली ओल बाहेर पडलीच नाही. ऑगस्टमध्ये दार उघडलं तर गाद्यांवर बुरशी आणि प्लाय फुगून सनमायका सुटलेला. ३८,००० गेले. ताडपत्री सैल बांधा, खालून वारा खेळू द्या, आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी दार उघडायलाच हवं. जुन्या बॅटऱ्या बसल्या, लिथियमच्या घेतल्या, ६२,०००. तीन वर्षांचे सगळे धरून तीन लाख सत्त्याण्णव हजार. मुक्काम झाले ४१. भागाकार करा: रात्रीला साडेनऊ हजारांच्या वर, डिझेल वेगळं, गाडीची उतरलेली किंमत वेगळी. गुहागरला दोन हजारांत चांगली खोली मिळते.

छोटे खर्च वहीत वेगळ्या पानावर आहेत. पुण्याला गेलो तर एक्स्प्रेसवेवर कारचे ३२० ऐवजी मिनीबसचे ४९५ कापले जातात. अटल सेतूवर २५० ऐवजी ४००. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी, म्हणून सक्तीची नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, ७४५ आणि जीएसटी.

तरीही घ्यायचीच असेल तर आधी आरसी बघा. बॉडीच्या प्रकारात कॅम्पर व्हॅन किंवा मोटर कॅरॅव्हॅन लिहिलेलं हवं. सीटा काढून आत बेड टाकलेला टेम्पो स्वस्तात मिळतो, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेपासून फारकत घेता येणार नाही असं सांगितलं. आम्हीही असा एक टेम्पो जवळजवळ घेतला होता. साडूच्या ओळखीच्या एजंटाने "सगळं मॅनेज होतं" म्हटलं, तेव्हा मी घाबरलो. परवान्याची मात्र काळजी नको. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर कारचा परवाना पुरतो. आणि घेण्याआधी एकदा भाड्याने घेऊन चार रात्री काढा, त्यातल्या दोन पावसात.

रविवारी रात्री सव्वाअकराला प्लॉटवर गाडी लावली, बॅटरीची वायर काढून ठेवली, आणि तो डबा जाड पिशवीत घालून रिक्षाने घरी आणला, कारण तो रिकामा करायची हक्काची जागा एकच. लिफ्टचं दार बंद होता होता सोसायटीचे सेक्रेटरी आत शिरले. त्यांनी माझ्या टोपीवरची वाळू बघितली, पिशवी बघितली.

"काय हो, काय आणलंत कोकणातून?"

"काही नाही," मी म्हटलं, "आपलं घरचंच."