निधी देताय, मग आणखी काय करायचं?

"पैसे तर आम्ही देतोच. पण संस्थेचं काम वाढावं म्हणून आणखी काय करायला हवं?" ट्रस्टचे विश्वस्त, कंपन्यांचा सामाजिक निधी सांभाळणारे अधिकारी, स्वतःच्या कमाईतून मोठी देणगी देणारी माणसं, सगळे मला हे विचारतात. मी बरीच वर्षं संस्थांसाठी प्रस्ताव लिहिले, आता प्रस्ताव वाचणाऱ्यांच्या बाजूला बसते. तुम्ही विचारलंत म्हणून मोकळेपणानं सांगते: आणखी काही करण्याआधी, देताय ते पैसे कसे देताय ते बघा.

बहुतेक निधी प्रकल्पाला बांधलेला असतो. इतके वर्ग, इतकी शिबिरं, इतके लाभार्थी, मुदत एक वर्ष. शिबिराचा खर्च त्यातून निघतो. हिशेब ठेवणाऱ्याचा पगार, कार्यालयाचं भाडं, कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण, माहिती जपून ठेवण्याची व्यवस्था हे सगळं मात्र 'प्रशासकीय खर्च' या एका ओळीत जातं, आणि कात्री पहिली त्याच ओळीवर चालते. अॅन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी 2009 साली एका लेखात याला संस्थांच्या उपासमारीचं चक्र म्हटलं. देणगीदाराची अपेक्षा अवास्तव कमी खर्चाची असते, संस्था कागदावर तसा खर्च दाखवते, आणि तो आकडा पाहून पुढच्या देणगीदाराची अपेक्षा आणखी खाली येते. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेनं 2016 मध्ये 20 संस्थांचे हिशेब मांडले, तेव्हा त्यांचा अप्रत्यक्ष खर्च, म्हणजे हाच भाडं, हिशेब, प्रशिक्षण यांवरचा खर्च, प्रकल्पावरच्या थेट खर्चाच्या 21 ते 89 टक्के निघाला. मध्यक, म्हणजे निम्म्या संस्था ज्याच्या वर आणि निम्म्या खाली तो आकडा, 40 टक्के. अनेक मोठी फाउंडेशनं तेव्हा 15 टक्क्यांच्या आसपास देत होती. प्रयोगशाळा चालवणारी संस्था आणि धोरणबदलासाठी झटणारी संस्था यांना एकच टक्केवारी लावणं मुळातच चूक आहे. खरा खर्च विचारा आणि तो द्या.

दुसरं, मुदत. एका वर्षाच्या निधीवर कोणी चांगला माणूस कायमचा नेमत नाही. अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशननं 2016 मध्ये 'बिल्ड' हा 1 अब्ज डॉलरचा कार्यक्रम सुरू केला. त्यात संस्थांना पाच वर्षांची खात्री दिली आणि पैशाचा काही भाग संस्थेच्याच बांधणीसाठी ठेवला. अमेरिकेतल्या अब्जाधीश देणगीदार मॅकेन्झी स्कॉट 2020 पासून कुठलीही अट न घालता मोठ्या रकमा देत आहेत. इतके पैसे एकदम आले की संस्था गडबडतील, अशी शंका तेव्हा सगळीकडे ऐकू यायची. पुढे या संस्थांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा बहुतेकांनी तो पैसा विचारपूर्वक वापरलेला दिसला. मला यात नवल वाटत नाही. काटकसरीची सवय असलेली माणसं आहेत ती.

आता 'काम वाढणं' म्हणजे काय, याकडे येते. प्रस्तावात वाढ म्हणजे शाखांची संख्या. प्रत्यक्षात वाढ कशी होते यासाठी मी बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेचं उदाहरण देते. 1980 ते 1990 या दहा वर्षांत ब्रॅकच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या आणि जुलाब झालेल्या मुलासाठी मीठ, गूळ आणि पाणी यांचं मिश्रण कसं करायचं ते त्यांनी आयांना शिकवलं. जवळपास 1 कोटी 20 लाख घरं झाली. आकडा मोठा आहे, पण मला त्यामागची पद्धत मोलाची वाटते. कार्यकर्तीचा मोबदला तिनं किती घरं केली यावर ठरत नसे. नंतर दुसरं कोणी जाऊन त्यातल्या काही आयांना प्रश्न विचारी, आणि त्यांना किती आठवतंय त्यावर तो ठरे. पुढे लक्षात आलं की आयांना कृती पाठ आहे, पण वापर फार कमी आहे. मग शिकवण्याची पद्धत बदलली, घरातल्या पुरुषांशीही बोलणं सुरू झालं. मोजमाप तिथे काम सुधारण्यासाठी होतं. आपण मागतो ते मोजमाप बऱ्याचदा फक्त आपल्या वार्षिक अहवालासाठी असतं, आणि ठरलेलं उद्दिष्ट मधेच बदलायचं म्हटलं की संस्थेला पत्रव्यवहारात महिना घालवावा लागतो.

अहवालांबद्दल तर फार कळवळून सांगावंसं वाटतं. एका संस्थेला पाच देणगीदार असले तर नमुने पाच, तारखा पाच, लाभार्थी मोजण्याच्या रीतीही पाच. संध्याकाळी वस्तीत जायची ती बाई रकाने भरत बसते. यावर उपाय आहे. अमेरिकेतल्या एडना मॅकॉनल क्लार्क फाउंडेशननं 2007 साली इतर देणगीदारांना एकत्र आणायला सुरुवात केली आणि तीन संस्थांच्या वाढीसाठी मिळून 12 कोटी डॉलर उभे केले. वाढीची योजना संस्थेची, अटी सगळ्यांच्या सारख्या, अहवाल सामाईक. त्या तीन संस्थांतली एक नर्स-फॅमिली पार्टनरशिप. पहिल्यांदा आई होणाऱ्या गरीब मुलींच्या घरी परिचारिका पाठवण्याचं तिचं काम एल्मायरा, मेम्फिस आणि डेन्व्हर या अमेरिकन शहरांतल्या चाचण्यांत तपासलं गेलं होतं. एवढी रक्कम तुमच्याकडे नसेल, तरी शेजारच्या ट्रस्टला फोन करून "त्यांना दिलेला अहवाल आम्हालाही चालेल" एवढं कळवता येतंच.

प्रत्येक संस्थेनं मोठं व्हायलाच हवं, असं मला वाटत नाही. एखाद्या संस्थेचं बळ एका वस्तीतल्या ओळखीत असतं. तिला दहा ठिकाणी पसरायला लावलं तर ते बळच जातं. तिची रीत इतरांना शिकवायला पैसे द्या, किंवा सरकारी यंत्रणेनं ती उचलावी यासाठी लागणारा वेळ द्या. हे काम हळू चालतं आणि त्याचा फोटो निघत नाही, म्हणून त्याला निधी मिळणं सगळ्यात अवघड.

एक अडचण मात्र पैशानं सुटत नाही. देणाऱ्यासमोर खरं बोलायला माणसं कचरतात. पहिल्याच बैठकीत "यंदा काय जमलं नाही?" असं विचारा, आणि उत्तर ऐकून पुढचा हप्ता अडवू नका. दुसऱ्या वर्षी तुम्हाला खरी माहिती मिळू लागेल.

आणि थांबायचं ठरवलं असेल, तर वर्षभर आधी सांगा. शेवटचा हप्ता थोडा मोठा द्या, आणि त्या वर्षात तुमच्या ओळखीच्या दोन-तीन देणगीदारांशी संस्थेची गाठ घालून द्या.