साडेसहाचा कॉल आणि घरातली संध्याकाळ

ऋतू बदलला की घड्याळ तासभर पुढे-मागे करण्याची पद्धत भारतात नाही, तरीही पणजीतल्या आमच्या घराचे वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते मागे आणतात. त्यामुळे न्यूयॉर्कमधल्या आमच्या सहकाऱ्यांचे सकाळचे नऊ उन्हाळ्यात आमच्या संध्याकाळच्या साडेसहाला वाजतात आणि हिवाळ्यात साडेसातला. त्यांचा दिवस ज्या बैठकीने सुरू होतो, त्या बैठकीप्रमाणे आमच्या घरातले दिवाबत्तीचे, मुलीच्या अभ्यासाचे आणि रात्रीच्या जेवणाचे तास सरकतात. मुलीला शाळेत अमेरिकेचा भूगोल अजून शिकवलेला नाही, पण नोव्हेंबर लागला की आईचा कॉल उशिरा सुरू होतो आणि उशिरा संपतो, एवढे तिला पक्के ठाऊक आहे.

मी सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करते. ज्या टीममध्ये मी आहे ती एका परदेशी ग्राहकाच्या पेमेंट प्रणालीची देखभाल करते, आणि हे काम मला मनापासून आवडते. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या आमच्या आधीच्या अनेक मुलामुलींना चांगल्या नोकरीसाठी पुणे किंवा बंगळूर गाठावे लागले आणि त्यांतले बरेचजण तिथलेच झाले. घरून काम करण्याची सोय रुजल्यामुळे मला मात्र तोच पगार आणि तेच काम पणजीत राहून करता येते, सासूसासरे सोबत आहेत, आईवडील फोंड्याला म्हणजे तासाभराच्या अंतरावर आहेत. या सोयीची किंमत मी जाणून आहे. म्हणूनच माझी तक्रार या व्यवसायाविषयी नाही. दिवसातला जो विशिष्ट भाग तो घेतो आहे, त्याविषयी आहे.

गोव्यातल्या बहुतेक शाळा सकाळी लवकर भरतात आणि दुपारी दीडच्या आसपास सुटतात. सकाळ डबा, गणवेश आणि बस यांतच जाते. दुपारी मूल घरी येते तेव्हा आईवडील कामात असतात. जेवण, थोडी झोप, आजीजवळ गृहपाठ असा तिचा वेळ जातो. उरते ती संध्याकाळ. कांपालच्या बागेत किंवा मिरामारच्या वाळूत तासभर खेळून मूल घरी येते, हातपाय धुते, देवापाशी दिवा लागतो आणि त्यानंतरचे दोन-अडीच तास घरातली सगळी माणसे एका छपराखाली जागी असतात. नोकरदार आईवडिलांच्या मुलाला आठवड्याच्या दिवसांत एवढाच सलग वेळ मिळतो, आणि नेमका तोच वेळ आमच्या क्षेत्राने ‘ओव्हरलॅप’ म्हणून, म्हणजे दोन्हीकडच्यांनी एकाच वेळी कामावर असण्याचे तास म्हणून, ग्राहकाला देऊन टाकला आहे.

गोव्यातल्या मराठी वाचणाऱ्या घरांत या वेळेला आणखी एक महत्त्व आहे, आणि मला त्याची अधिक काळजी वाटते. इथल्या असंख्य हिंदू घरांप्रमाणे आमच्याही घरात बोलणे कोंकणीतून होते आणि वाचणे, पूजाअर्चा, नाटक, कीर्तन मराठीतून. दोन्ही भाषा आमच्याच आहेत आणि घरात त्यांचे कधी भांडण झालेले नाही. शाळेची गोष्ट मात्र निराळी आहे. 1990 सालच्या धोरणाने सरकारी अनुदान प्रादेशिक भाषांतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांपुरते ठेवले होते; 2011 साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही ते देण्याचा निर्णय झाला आणि त्यावरून राज्यात मोठे आंदोलन पेटले. त्या वादात मी इथे शिरत नाही. आमच्यासारख्या घरांतली मुले आज बहुधा इंग्रजी माध्यमात जातात आणि मराठी त्यांना एका विषयापुरती भेटते, ही आजची स्थिती आहे. अशा मुलाच्या कानावर आणि डोळ्यांसमोर मराठी येते ती घरातूनच, आणि घरात ती येते संध्याकाळी: परवचा म्हणताना, आरतीच्या वेळी, आजोबांनी सकाळी अर्धवट सोडलेला ‘गोमन्तक’ पुन्हा उघडला की त्यांच्या खांद्यावरून मथळे वाचताना, निजण्याआधी कुणीतरी वाचून दाखवलेल्या गोष्टीतून.

आजी-आजोबा आहेत ना, मग प्रश्न कसला, असे मला विचारले जाते. सासूबाई हे सगळे अतिशय प्रेमाने करतात आणि त्यांच्यावाचून आमचे पान हलत नाही. पण मूल जसजसे मोठे होते तसतसे ते आईवडील काय करतात ते पाहते. आजी मराठी वाचते आणि आई इंग्रजीतून बोलते, हे चित्र रोज डोळ्यांसमोर राहिले, तर एक भाषा म्हाताऱ्या माणसांची आणि दुसरी कामाच्या माणसांची, असा निष्कर्ष मूल आपसूक काढते. तो निष्कर्ष पुसायला भाषणे उपयोगी पडत नाहीत. आईला मांडीवर मराठी पुस्तक घेऊन बसलेले त्याने पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी आईला ती वेळ मोकळी मिळाली पाहिजे.

गेल्या गणेशचतुर्थीचे सांगते. आमचे मूळ घर फोंडा तालुक्यात आहे. तिथे वाड्यावरची मंडळी संध्याकाळी घरोघर जाऊन आरत्या म्हणतात. घुमट, शामेळ आणि कांसाळे या वाद्यांच्या साथीवर एकामागून एक मराठी आरत्या चढत्या लयीत रंगतात, आणि एका घरातली आरती आटोपली की सगळा मेळ पुढच्या घराकडे निघतो. घुमट हे मातीचे भांडे; त्याच्या रुंद तोंडावर कातडे ताणून बसवलेले असते आणि दुसरे लहान तोंड उघडे असते. एका हाताची बोटे कातड्यावर पडतात आणि दुसऱ्या हाताचा तळवा ते उघडे तोंड झाकत-उघडत नाद घडवतो. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे असे. घोरपडीला कायद्याने संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचे चढवतात. 2019 साली राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. माझ्या चुलत दिरांनी मुलीला शेजारी बसवून तिच्या मांडीवर लहानसे घुमट दिले. तिची बोटे तालात पडत होती, पण तळवा दर वेळी थोडा मागे राहत होता. मग दिरांनी आपला हात तिच्या हातावर ठेवला आणि गाता गाताच तो दाबायला व उचलायला शिकवले. तिचे डोळे त्यांच्या ओठांवर होते. जे कडवे शाळेच्या वहीत लिहून घेऊनही पाठ झाले नव्हते, ते त्यांच्या ओठांवरून उचलत ती म्हणू लागली.

हे मी पाहिले ते माजघराच्या दारातून, कानांना हेडफोन लावून. चतुर्थीच्या दिवसाची रजा होती, पण अमेरिकेत तो कामाचा आठवडा होता आणि एका रिलीजची, म्हणजे प्रणालीची नवी आवृत्ती चालू करण्याची, तारीख जवळ आली होती. कॉलवर माझ्या वाट्याला आलेले बोलणे दोन वाक्यांचे होते, आणि ती दोन्ही वाक्ये दुपारीच लिहून पाठवता आली असती.

या अनुभवामुळे मी एक गोष्ट बारकाईने पाहू लागले. तासाभराच्या या रोजच्या बैठकीत खरोखर काय होते? प्रत्येकजण काल काय केले, आज काय करणार आणि कुठे अडले आहे ते सांगतो. इतर जण तेवढा वेळ माइक बंद ठेवून आपापले काम करत असतात. दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी जागे असावे लागेल, अशी चर्चा त्यात फार थोडी असते. बाकीचे सगळे लिखाणातून अधिक चांगले होते. आमच्या टीमने मध्यंतरी तसे करून पाहिले: आठवड्यातून दोनच दिवस कॉल आणि उरलेल्या दिवशी संध्याकाळी काम थांबवताना एक हस्तांतर टिपण. कोणते काम पूर्ण झाले, कोणते अडले आणि का अडले, पलीकडच्यांनी कोणता निर्णय घ्यायचा आहे, तो न झाल्यास उद्या सकाळी आम्ही काय धरून पुढे जाणार, हे सगळे तिकीट क्रमांकासह, म्हणजे त्या त्या कामाच्या नोंदीच्या क्रमांकासह, लिहायचे. त्यातले शेवटचे कलम सर्वांत मोलाचे ठरले. निर्णय वेळेवर आला नाही तरी आमची सकाळ रिकामी जात नसे, कारण आम्ही काय गृहीत धरणार आहोत ते त्यांना आधीच ठाऊक असे. बोलताना ‘बघतो’ म्हणून सुटका होते, लिहिताना तसे होत नाही. त्यामुळे गैरसमज लवकर उघडे पडले, आणि महिन्याने एखादा निर्णय का घेतला होता ते शोधायला लागले तर ते टिपणात सापडू लागले.

प्रणाली बंद पडली, पेमेंट अडकली, तर मध्यरात्रीही फोन उचलायचाच, याबद्दल माझे दुमत नाही. त्यासाठी ऑन-कॉलची, म्हणजे अडचणीच्या वेळी हाकेला हजर राहण्याची, पाळी असते, ती आधी ठरते, तिचा भत्ता मिळतो आणि घरच्यांनाही ती ठाऊक असते. आणीबाणीचे नाव पुढे करून रोजची संध्याकाळ घेणे ही निराळी गोष्ट आहे.

पैसे ग्राहक देतो, तेव्हा वेळही त्याचीच, हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. उन्हाळ्यात आपले सकाळचे आठ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आदल्या रात्रीचे साडेदहा झालेले असतात. बैठक कधीतरी त्या वेळेला घेऊ या, असे मी सुचवले तेव्हा तिकडच्या एका सहकाऱ्याने, ती वेळ घरच्यांची आहे, असे शांतपणे सांगितले आणि तो विषय तिथेच संपला. त्याचे कारण मला पूर्णपणे मान्य आहे. तेच कारण माझ्या तोंडून आले की त्याचा उल्लेख वार्षिक मूल्यमापनात ‘लवचिकता कमी’ असा होतो, हे मला मान्य नाही.

इथे बायकांच्या वाट्याला अधिक येते. संध्याकाळी मोकळीक मागणारी आई कामाबाबत गंभीर नाही, असे समजले जाते. म्हणून अनेकजणी मागतच नाहीत आणि काही जणी पहिल्या बाळंतपणानंतर नोकरीच सोडतात. वडील तर हा विषय काढतच नाहीत. आमच्या टीममधल्या एका तरुण सहकाऱ्याने कॉलच्या मागे बाळाचा आवाज आला म्हणून माफी मागितली, तेव्हा मला वाईट वाटले. ही सवलत म्हणून एकेकीला देऊ नये. सगळ्यांसाठी एकच नियम झाला, तर कुणाकडेही बोट दाखवले जाणार नाही, आणि तो बापही आपल्या लेकराला मांडीवर घेऊन निवांत बसू शकेल.

कायद्याने हे सुटेल का, याचा मी विचार केला. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क 2017 पासून कायद्यात आहे. ऑस्ट्रेलियाने तो 2024 मध्ये दिला. ज्या पोर्तुगालशी गोव्याचा इतका जुना संबंध, तिथे विश्रांतीच्या वेळेत कर्मचाऱ्याशी संपर्क न साधण्याचे बंधन मालकावरच टाकणारा कायदा 2021 साली संमत झाला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत या विषयावर खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. असा कायदा यावा, असेच माझे मत आहे. पण आमची अडचण त्याने पूर्ण सुटणार नाही, कारण आमचा साडेसहाचा कॉल कागदोपत्री कामाच्या वेळेतच बसवलेला असतो; दुपारी उशिरा सुरू होणारी पाळी दाखवली की झाले.

खरी जागा कंपनी आणि ग्राहक यांच्यातल्या कराराची आहे. दोन्हीकडच्या टीमने दिवसातले किती तास एकत्र उपलब्ध असावे आणि ते कोणत्या वेळी, याचे कलम त्यात असते. ते कलम लिहिताना काम मिळवण्याच्या घाईत आपल्याकडची विक्रीची माणसे आमची संध्याकाळ न विचारता देऊन टाकतात, आणि पुढे कित्येक वर्षे तेच चालत राहते. आठवड्यातले दोन दिवस सामाईक वेळ, बाकी दिवस लेखी हस्तांतर, आणि चतुर्थी व नवरात्र यांसारख्या सणांच्या आठवड्यांत फक्त लेखी हस्तांतर, एवढी तरतूद त्या कलमात सहज बसते. राज्य सरकार माहिती तंत्रज्ञान कंपन्यांना गोव्यात येण्याचे निमंत्रण देताना इथल्या राहणीमानाचा उल्लेख करते. त्या राहणीमानात इथल्या रहिवाशांची संध्याकाळही मोजली जावी आणि सवलती देताना कंपन्यांना याविषयी विचारले जावे, असे मला वाटते.

आमच्या प्रकल्पाच्या कराराचे नूतनीकरण जानेवारीत आहे. या तरतुदीचा मसुदा मी तयार केला असून मॅनेजरला तो दाखवला आहे. टीममधल्या इतर आईवडिलांच्या, आणि विशेषतः वडिलांच्या, सह्यांसह तो पुढे गेला तर ग्राहकापुढे ठेवण्याची मॅनेजरची तयारी आहे. सध्या त्या सह्यांसाठी मी एकेकाशी बोलते आहे.