आमची वाटचाल: कानशीपासून मल्टिमीटरपर्यंत

बाबा किल्ल्या कानशीने घासायचे. कुलपात कोरी पट्टी घालून हलवायची, तिच्यावर उठलेल्या खुणा निरखायच्या आणि तेवढंच घासायचं. मीही तेच शिकलो. मग गाड्यांच्या किल्ल्यांत चिप आली, जी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. हुबेहूब घासलेली किल्ली लॉकमध्ये छान फिरायची, पण गाडी काही सुरू होईना. तेव्हा कानस ठेवून मी सोल्डरिंग हातात घेतलं.

सुरुवातीची एक चूक अजून टोचते. एकांच्या गाडीच्या किल्लीचा रिमोट बंद पडला होता. मी सेल बदलला, तरी चालेना. ‘गेला’ म्हणून नवा रिमोट गळ्यात मारला. आठवड्याने जुना सहज उघडला, तर सेलला टेकणारी पत्ती वाकलेली. जुना सेल उचकटताना मीच वाकवली होती! पैसे परत केले.

तेव्हापासून रिमोट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारतो: दुसरी किल्ली चालते का? तीही चालत नसेल तर दोष बहुधा गाडीत, आणि तिथे आधी गाडीचीच बॅटरी तपासायची. दुसरी चालत असेल तरच हातातला रिमोट उघडायचा.

सेल मात्र फार फसवतो. मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्ट मोजायच्या यंत्राने, नुसता मोजला तर ३ व्होल्ट दाखवतो, बटण दाबलं की कोसळतो. म्हणून आम्ही बटण दाबून धरूनच मोजतो. सीआर २०३२ या नाण्यासारख्या चपट्या सेलच्या जागी सीआर २०२५ घातलेलेही रिमोट येतात. दोन्हींचा व्यास २० मिलिमीटर, पण जाडी ३.२ ऐवजी २.५. मग सेल आत हलतो आणि रिमोट मनात येईल तेव्हा चालतो. पडलेल्या रिमोटमध्ये बटणाखालचं सोल्डर तडकलेलं असतं. ते काम धाकटा भाऊ भिंगाखाली करतो, माझे डोळे आता साथ देत नाहीत. भिजलेला असेल तर सेल लगेच काढा, बटणं दाबून बघत बसू नका.

लहान मुलाने खेळता खेळता गाडीपासून लांब शेकडो वेळा बटण दाबलं, तर रिमोटचा बदलता कोड, म्हणजे दर दाबण्याला बदलणारा गुप्त संकेत, गाडीच्या पुढे निघून जातो. तेव्हा सेल बदलून उपयोग नाही, जुळणी पुन्हा करावी लागते. काही गाड्यांत ती किल्लीनेच होते, काहींत मशीन लावावं लागतं.

रिमोटचा सेल संपून रात्री अडकलेल्यांचे फोन येतात. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर सांगतो, रिमोटच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून दार उघडा आणि रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून बघा. काही गाड्यांत ही जागा वेगळी असते, पुस्तिकेत दिलेली असते. आतल्या चिपला सेल लागत नाही, वीज तिला गाडीकडूनच मिळते. बहुतेकांची गाडी तेवढ्यावर निघते. आमची कमाई शून्य, पण सकाळी सेल बदलायला तेच येतात.

सगळ्याच किल्ल्या हरवल्या असतील तर मात्र गाडीची कागदपत्रं बघितल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. त्यावरून काही जण चिडून निघूनही गेलेत.