भुणभुण म्हणे!

रात्री लाईट गेली. कूलर थांबला, कोपऱ्यावरची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, गप झाली, मी मात्र चालूच राहिलो. ही ओसरीत फोनवर. म्हणाली, "लाईट गेली तरी ह्यांची भुणभुण काही जाईना!" पलीकडचं हसू मला इथवर ऐकू आलं.

गुणगुण म्हणाली असती तर चाललं असतं. एका अक्षराचा तर फरक. पण गुणगुण गाण्याची असते. भुणभुण डासाची, नाहीतर पैशासाठी मागं लागलेल्या पोराची. भुणभुण लावणाऱ्याला काहीतरी पाहिजे असतं. मला काय पाहिजे होतं? चहासुद्धा मागितला नव्हता.

ज्ञानोबांचा भुंगा रुणुझुणु करतो. मधमाशी सेकंदाला 200 पेक्षा जास्त वेळा पंख मारते, त्याला पुस्तकात गुंजारव म्हणतात. आणि ती डीपी? वीज 50 हर्ट्झची, पण आतलं लोखंड प्रत्येक फेऱ्यात दोनदा ताणतं-आकसतं, म्हणून ती घुमते 100 वर. दिवसरात्र तोच एक सूर, तिला कुणी बोलत नाही. खरं तर मी तिच्याच सुरात सूर लावून बसलो होतो. तंबोराच गेल्यावर गवई उघडा पडणारच.

आई जात्यावर बसली की गुणगुणायची. जनाबाईच्या गंगाखेडचं माहेर तिचं, ओव्यांना तोटा नव्हता. शेवटी शेवटी शब्द गेले, नुसतं हुं हुं उरलं. तेव्हा मीच तिला... जाऊ दे.

पण भुणभुण? एवढ्या वर्षांत हिला ते गाणं वाटलंच नसेल का?

सकाळी दार लावून मोबाइलवर स्वतःला रेकॉर्ड केलं. आपला आवाज आपल्याला हाडांतूनही पोचतो, म्हणून भारदस्त वाटतो. मोबाइलला हाडं नाहीत. ओठ मिटलेले, सगळा कारभार नाकातून. दुसऱ्यांदा ऐकवलं नाही. घरघर म्हणाली नाही हेच नशीब; या वयात ती लागलेली बरी नव्हे.

जेवताना गप्पच होतो. त्याची कुणकुण कशी काय लागली देव जाणे, दुपारी मेव्हणीचा फोन.

"दाजी, रुसलात म्हणं?"

"छे गं. आवाज बसलाय जरा."