किती पळते आणि अजून किती पळेल

सायकलला इंजिन बसवलंय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती पळते?" लगेच मागून दुसरा: "अजून पळवता येईल का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

४८ सीसीचं टू-स्ट्रोक किट, २६ इंची चाक, मागे ४४ दातांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक). ५००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) हिशेब ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास येतो. स्प्रॉकेट ३६ दातांचं लावलं तर तेच इंजिन ४२ दाखवेल, काही उघडायला नको. फक्त पहिल्याच चढाला क्लच घासायला लागेल आणि तुम्ही पॅडल मारत असाल. १९७२ नंतरच्या पुण्यात ज्यांनी लूना मोपेड डबलसीट चढावर नेली आहे, त्यांना हे नवीन नाही. मी ४४वरच आहे.

खरी गंमत कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात. फुल थ्रॉटलला (ॲक्सिलरेटर पूर्ण पिळल्यावर) किती पेट्रोल जायचं ते मेन जेट, म्हणजे बारीक भोकाचा स्क्रू, ठरवतं, मधल्या टप्प्यात निडल, म्हणजे वरखाली होणारी निमुळती सुई. निडलची क्लिप एक खाच खाली सरकवली की निडल वर येते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त; कमी पडलं की लीन. रिच इंजिन अडखळतं, धूर काढतं, प्लग काळा करतं. पण मरत नाही. लीन इंजिन मात्र मस्त पळतं, हलकं वाटतं, आणि तापून पिस्टन धरतं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो. नवशिक्याला लीन गाडीच 'चांगली लागलेली' वाटते, हाच घोळ आहे. म्हणून कानावर न जाता प्लग बघायचा: फुल थ्रॉटलला थोडं पळवून तिथेच इंजिन बंद करायचं, क्लच दाबून थांबायचं आणि प्लग काढायचा. चॉकलेटी असेल तर ठीक. पांढरा पडला असेल तर मिश्रण लीन आहे, जेट मोठं करा. आणि त्याआधी इनटेकचं गास्केट (कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या सांध्याची पट्टी) बाहेरची हवा खेचत नाही ना, तेही बघा.

पुण्यात यात अजून एक भानगड आहे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, म्हणजे हवा थोडी विरळ. इथे नेमकं लागलेलं जेट खाली कोकणात लीन पडतं. ऋतूंचा फरक तर त्याहून मोठा. मे महिन्यातल्या ४० अंशांपेक्षा डिसेंबरच्या पहाटेची १० अंशांची हवा सुमारे दहा टक्के दाट असते. उन्हाळ्यात काठावर लावलेली गाडी थंडीत लीन होणारच. मी दिवाळीनंतर क्लिप एक खाच खाली घेतो.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच मिसळायच्या ऑइलबद्दल (टू-टी) हमखास गैरसमज. "टू-टी जास्त घातलं की रिच होते," असं नाना पेठेत स्पेअर पार्ट घेताना दर वेळी कुणीतरी ऐकवतं. उलट आहे! त्याच जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात ऑइल वाढलं की पेट्रोल कमी होतं, म्हणजे लीनच. नवीन इंजिनाला लिटरभर पेट्रोलला ६० मिलि ऑइल, इंजिन रुळल्यावर ३० मिलि, एवढं पुरतं. सायलेन्सर अधूनमधून भाजून कार्बन झाडा, गेलेला पिकअप बराचसा तिथेच सापडतो.

कायद्याचं थोडक्यात: २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेली दुचाकी १९८८च्या मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' धरली जात नाही. त्यावर गेलात की नोंदणी, लायसन्स सगळं आलं. म्हणून माझी ४८ सीसीची गाडी थेऊरला मावसभावाच्या रानात फिरते. पुण्यात फक्त खोलाखोली.

आणि ब्रेक. वेग २०चा ४० झाला की थांबवायची ऊर्जा चौपट. जुन्या काळ्या सायकलच्या स्टीलच्या रिमवर सळीचे ब्रेक पावसात जवळपास नुसते दाखवायला असतात. ॲल्युमिनियमची रिम आणि चांगले व्ही-ब्रेक, निदान पुढच्या चाकाला तरी, बसवून घ्या. ३६ दातांचं स्प्रॉकेट त्यानंतर आणा.