तुम्ही किती दिवसांचे?

होळीला जोडून चार दिवसांची सुट्टी मिळाली. नागपूरच्या वनामती या प्रशिक्षण संस्थेत आमचं परिविक्षाधीन अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण चालू आहे. बॅचमधले बहुतेक जण घरी गेले, मी भामरागडची वाट धरली. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झाला, त्यातलं हे एक टोक. फायलींमध्ये ‘दुर्गम’ हा शब्द वाचून वाचून गुळगुळीत झाला होता, तो एकदा पायाखालून घालायचा होता.

चामोर्शी, आष्टी करत आलापल्लीला पोहोचेपर्यंत एसटीने हाडं खिळखिळी केली. पुढे जंगल लागलं आणि मी सगळं विसरलो. साग उघडा पडलेला, मधूनच पळस पेटलेला. शेजारी एक गुरुजी बसले होते. त्यांची बदलीची ऑर्डर निघून आठ महिने झाले होते, पण कार्यमुक्त केलं नव्हतं. “बदली माणूस येईल तेव्हा सोडू म्हणतात. माझी हालत बघून इकडे कोण येणार, सर?” ते शांतपणे म्हणाले.

त्यांचं बोलणं मनातून जाईना. माणूस टिकवायचा म्हणून आपण त्याला अडकवून ठेवतो, आणि त्याच्याकडे बघून पुढचा यायचा थांबतो. इथे काम करणाऱ्याला एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी मिळते, २००२ पासून शासन निर्णय आहे. पैसा लागतोच. पण ठरलेल्या तारखेला नक्की सुटका होईल एवढा भरवसा असता, तर कितीतरी चांगली माणसं आपणहून तीन वर्षं इथे आली असती असं मला वाटतं.

भामरागडला पर्लकोटा, इंद्रावती आणि पामुलगौतम यांचा संगम आहे. मार्चमध्ये वाळूच जास्त. पावसाळ्यात मात्र पर्लकोटा पुलावरून वाहू लागते आणि गावाचा संपर्क तुटतो. हे ऐकून माहीत होतं. पुलावर उभं राहून खाली पाहिलं तेव्हा आवंढा गिळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका आरोग्य उपकेंद्रात गेलो. तीन क्वार्टर, दोनांची कुलपं गंजलेली. तिसऱ्याच्या अंगणात शेणाने सारवलेल्या जागेवर मोहाची फुलं वाळत घातली होती. पिवळसर, रसाळ, गोड घमघमाट. सिस्टर माडिया आदिवासी, इथल्याच. आत एका म्हातारीशी माडियात बोलत होत्या. म्हातारी हसत होती, हातवारे करून पोटदुखी सांगत होती. त्या जागी मी असतो तर दुभाषा शोधत बसलो असतो. अनुसूचित क्षेत्रातली परिचारिका, तलाठी, ग्रामसेवक अशी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरावीत, ही राज्यपालांची २०१४ ची अधिसूचना मी परीक्षेसाठी पाठ केली होती. तिचा अर्थ त्या ओसरीवर कळला.

सिस्टरांनी कोरा चहा दिला आणि विचारलं, “सर, तुम्ही किती दिवसांचे?”

मला वाटलं, सुट्टीबद्दल विचारतायत. “परवा निघतो.”

“तसं नाही. साहेब म्हणून आले, तर किती दिवस राहाल? लोकं विचारतात मला. नाव नंतर विचारतात.”

मला उत्तर देता आलं नाही. माझे यूपीएससीचे दोन प्रयत्न शिल्लक आहेत, बॅचमधले अर्धेअधिक रात्री त्याचाच अभ्यास करतात. त्यात गैर काही नाही. पण आपल्या खात्यांत गडचिरोलीला पाठवणं म्हणजे शिक्षा, असं आपण सगळे किती सहज बोलतो! शिक्षेच्या जागी टिकून राहण्याची अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? आणि त्या सिस्टरचं गाव ही शिक्षेची जागा ठरवणारे आपण कोण?

संध्याकाळी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पात गेलो. १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी सुरू केलेलं हे काम प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी इथेच राहून वाढवलं. इथल्या आश्रमशाळेत शिकलेली मुलं आज डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत. वर्गांसमोरून मी बराच वेळ फिरत होतो.

परतीच्या एसटीत बसताना सिस्टरांनी दिलेली मोहाची पुडी पिशवीत होती. नागपूर येईपर्यंत सगळे कपडे त्या वासाने भरले. रूममेटने विचारलं, कसला वास हा? मी पुडी उघडून त्याच्या हातावर चार फुलं ठेवली आणि त्यालाही सिस्टरांचाच प्रश्न विचारला.