आमची वाटचाल: एका डब्ल्यूची गोष्ट

शिवाजीनगरला दोन टेबलांवर ट्रेडमार्कच्या फाइली करायला बसलो, तेव्हा भागीदार होता. पुढे त्याने वेगळी चूल मांडली. त्यात गैर काही नाही. गैर पुढे घडलं.

आमच्या नावात 'व' आहे. आम्ही तो व्ही लावून लिहितो. २०१८ मध्ये त्याने तेच नाव डब्ल्यू लावून, वेबसाइटचा पत्ता म्हणून डॉट इनमध्ये घेतलं. वेबसाइट उघडलीच नाही, फक्त मेलचा एमएक्स रेकॉर्ड (त्या नावावर आलेली मेल कुठे जायची ती नोंद) लावला आणि त्या पत्त्यावरून आमच्याच ग्राहकांना नूतनीकरणाची पत्रं धाडली. नावं, क्लास (मालाचा किंवा सेवेचा वर्ग), तारखा सगळं ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर उघडं असतंच. पहिला फोन आला कोल्हापूरच्या कांदा-लसूण मसालेवाल्यांचा, आमच्या सगळ्यांत जुन्या ग्राहकांचा. "काय ओ साहेब, आमची मुदत २०२० ला हाय न्हवं? मग आत्ताच पैसे कशाला?" बरोबर होतं त्यांचं. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या फार तर एक वर्ष आधी करता येतो. बाकीच्यांनी मात्र विचारलं नाही, पैसे भरले. दिवाळीपर्यंत निम्मी कामं गेली आणि ऑफिसचं भाडं थकलं.

इथे आम्ही दोन चुका केल्या, त्याही दुसऱ्यांना रोज शिकवतो त्याच. पहिली, रागाच्या भरात आधी नोटीस पाठवली. आठ दिवसांत ते नाव दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्या रजिस्ट्रारकडे. आधी हूइजची नोंद (नाव कुणी, कुठून घेतलंय ती), एमएक्स, आलेले मेल संपूर्ण हेडरसकट, म्हणजे कुठून कसे आले त्या तपशिलासकट, जपून ठेवायचे आणि त्यांना पुरावा कायद्याच्या कलम ६५-बचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडायचं (आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३). मग तोंड उघडायचं. दुसरी चूक जास्त लाजिरवाणी: आमची नोंदणी फक्त लोगोची होती. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे लोगोची नोंदणी म्हणजे त्यातल्या शब्दावर स्वतंत्र हक्क नव्हे. वर्षानुवर्षांची बिलं आणि जाहिराती लावून शब्दावरचा हक्क दाखवावा लागला. वर्डमार्क, म्हणजे नुसत्या शब्दाची नोंदणी, वेगळा टाका, साधा काळ्या अक्षरांत. लोगो नंतर.

तक्रार केली ती डॉट इन नावं सांभाळणाऱ्या निक्सीकडे, त्यांच्या आयएनडीआरपी या तंटा-नियमांखाली. तीन गोष्टी दाखवायच्या: नाव फसवं सारखं आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, आणि नोंदणी किंवा वापर यांपैकी एक तरी दुष्ट हेतूने आहे. डॉट कॉमच्या तशाच नियमांत, यूडीआरपीत, नोंदणी आणि वापर दोन्ही लागतात, तिथे पुष्कळ तक्रारी अडकतात. नाव परत मिळालं. बुडालेल्या कामांची भरपाई तिथे मिळत नाही, त्यासाठी कोर्ट. तेवढी ताकद उरली नव्हती.

तेव्हापासून दर सोमवारी डीएनएसट्विस्ट हे मिळतीजुळती नावं शोधणारं सॉफ्टवेअर चालवतो. गळालेलं अक्षर, शेजारची कळ, एमच्या जागी आर-एन, हे सगळं ते भराभर काढून देतं. पण इंग्रजीत लिहिलेल्या मराठी नावाची लकब त्याला पुरती कळत नाही, म्हणून आमची वही वेगळी: व्ही की डब्ल्यू, आय की डबल ई, यू की डबल ओ, ठला एक टी की दोन, शेवटी ए की नाही. 'विठ्ठल' घ्या आणि मोजून पाहा. सगळी नावं विकत घ्यायच्या फंदात पडू नका. लोक खरंच चुकतात अशी पाच-सहा घ्या, बाकीच्यांवर लक्ष ठेवा. पान रिकामं दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका, एमएक्स लागला की जागे व्हा. आणि कुणी म्हणालं की डीमार्क (तुमच्या नावाने खोटे मेल जाऊ नयेत म्हणून लावायची सोय) लावला, आता काळजी नाही, तर दुसरा सल्लागार बघा. डीमार्क तुमच्या खऱ्या नावाची राखण करतो, जुळ्या भावाची नाही.

डब्ल्यूवालं नाव आम्ही अजून भरतो, त्याचे मेल आमच्याच इनबॉक्समध्ये वळवलेत. कोल्हापूरची सगळी पत्रं तिथूनच येतात. मसालेवाल्यांना पहिल्यापासून डब्ल्यूच बरोबर वाटतो.